स्क्रिप्ट मुनीमालाच शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील छोट्या जाहिराती मी रोज सकाळी वाचतो. माझे वय ५५, नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात एकाच अडत दुकानात मुनीम म्हणून २८ वर्षे झाली. नवी नोकरी मला नको आहे. पण दुकानात काम मागायला येणारी मुले कशामागे धावताहेत, ते त्या जाहिरातींवरून कळते. ‘ऑनलाइन शीट भरण्यासाठी मुलगी पाहिजे, टायपिंगचा स्पीड असावा’ अशा अर्थाची जाहिरात कुठे दिसली नाही, असा आठवडा जात नाही. या ‘स्पीड’ शब्दाबद्दलच मला लिहायचे आहे, आणि टायपिंगचे तेच काम शीटकडून आपोआप करून घेणाऱ्या सूचनांबद्दल, म्हणजे स्क्रिप्टबद्दल.

संत्र्याच्या हंगामात आमच्या दुकानावर दिवसाला ५०-६० गाड्यांचा माल होतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या बाजूचा जास्त. प्रत्येक गाडीमागे एक चिठ्ठी. तीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडीचा नंबर, वजन, टनाचा भाव, माल घेणाऱ्याचे नाव, हमाली, भाडे. ही चिठ्ठी आमच्याकडे चार ठिकाणी उतरवली जायची. आधी आवकेच्या शीटमध्ये, मग व्यापाऱ्याच्या नावे, मग शेतकऱ्याच्या खात्यात जमा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायच्या हिशोबपट्टीवर. तेच नाव, तेच गाव, तेच वजन, चारदा.

ज्या मुलीकडे हे काम आहे ती बी.कॉम. झालेली, वाठोड्याहून येते. शासनाच्या संगणक टंकलेखनाची इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्दांची दोन्ही प्रमाणपत्रे तिच्याकडे आहेत. ओळ चुकू नये म्हणून ती स्क्रीनवर लाकडी पट्टी धरून बसायची. रात्री दहा वाजता तिचे वडील गाडी घेऊन दुकानाबाहेर उभे असत. मृग बहाराचा माल फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतो. त्या काळात एकदा ती मनगटाला पट्टा बांधून टाइप करताना दिसली. मी म्हटले, “बेटा, चार दिवस घरी राहा.” ती म्हणाली, “काकाजी, मी आली नाही तर चार दिवसांच्या चिठ्ठ्या राहतील. त्या भरायच्या कोणाला? मलाच.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुन्या लोकांना हे नवीन वाटणार नाही. मी लागलो तेव्हा आमच्याकडे लाल कापडी बांधणीच्या वह्या होत्या. दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा रोजकिर्दीत लिहायचा आणि रात्री तो ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, खतवायचा. खतवणे ही निव्वळ नक्कल, म्हणून ती आम्हा नवशिक्यांकडे असे. ताळा मात्र थोरले मुनीमजी स्वतः घेत, दुसऱ्या कोणाला घेऊ देत नसत. बेरीज पक्की करायला ते नवाचा ताळा लावत, म्हणजे प्रत्येक संख्येला नवाने भागून उरलेल्या बाक्या जुळतात का ते पाहत. आणि दोन बाजूंतला फरक नवाने भागला गेला, की पहिल्यांदा उलटसुलट पडलेले आकडे शोधायला लावत. ५४ चे ४५ झाले की फरक नवाचाच येतो, आणि तिथे नवाचा ताळाही फसतो. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही, त्यांनी शिकवली.

करोनाच्या वर्षी मालकांनी वह्या बंद करून गुगल शीट सुरू केली. शीट २००६ पासून आहे म्हणे, आमच्याकडे १४ वर्षांनी पोचली. खरे सांगायचे तर आम्ही फक्त वहीची जागा बदलली होती. कीर्द स्क्रीनवर आली, खतावणी स्क्रीनवर आली, आणि मधली नक्कल करायला माणूस तसाच राहिला.

एका दिवाळीला पुण्याहून माझा भाचा आला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने शीटमधला ‘एक्सटेन्शन्स’ हा मेनू उघडला आणि त्याखालचे ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ दाखवले. शीटला लागूनच एक कोरी पाटी उघडते, तिच्यात जावास्क्रिप्ट या भाषेत सूचना लिहायच्या. आवकेतली ओळ वाच, त्या नावाचे खाते शोध, वजनाला भावाने गुण, हमाली वजा कर, खात्यात ओळ जोड. वेगळे पैसे लागत नाहीत. २००९ पासून ही सोय आहे आणि मी इतकी वर्षे त्या मेनूला हात लावला नव्हता. सूचना गुगलच्या यंत्रावर चालतात, त्यामुळे रात्री दुकानातली वीज गेली तरी ठरवलेल्या तासाला काम होते. भाच्याने अर्ध्या तासात स्क्रिप्ट लिहून दिली. पोरीचे चार तासांचे काम तीन मिनिटांत झाले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

पाचव्या दिवशी ती स्क्रिप्ट फसली. एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत, वडिलांचे नाव तेवढे वेगळे. चिठ्ठीवर आम्ही एकाच्या नावापुढे ‘धाकटे’ लिहितो. भाच्याला हा शब्द फालतू वाटला, म्हणून त्याने नाव साफ करताना तो गाळून टाकला. दोघांचा माल एका खात्यात गेला. भाच्याचा दोष नव्हता. त्याला भाषा येत होती, बाजार येत नव्हता. आम्हाला बाजार येत होता, भाषा येत नव्हती. मग मी आणि ती मुलगी, दोघांनी ठरवले की ही भाषा आपणच शिकायची. दुपारी लिलाव आटोपले की एक तास. आठ महिने लागले.

यातल्या काही गोष्टी मी सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारख्या देवनागरीत हिशोब ठेवणाऱ्यांना त्या ठेच लागूनच कळतात आणि मराठीत लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत.

पहिली ठेच आकड्यांची. काट्यावरचा आमचा माणूस फोनवरच्या मराठी कीबोर्डने वजन पाठवायचा. आपल्याला १४ म्हणजे चौदा. स्क्रिप्टच्या भाषेला ही निव्वळ अक्षरे. आणि त्या भाषेत अधिकचे चिन्ह अक्षरांसमोर आले की ती बेरीज करत नाही, जोडून टाकते. बाराला चौदा मिळवायला सांगितले, तर तिने बारापुढे चौदा चिकटवून बाराशे चौदा करून ठेवले. क्विंटलमधला तो आकडा पाहून मी हबकलोच. आता आमच्या स्क्रिप्टचे पहिले काम मराठी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलणे, मग पुढचे सगळे.

दुसरी नावाची, आणि हिने आम्हाला तीन दिवस रडवले. ‘वऱ्हाडे’ आडनावाच्या एका शेतकऱ्याची दोन खाती तयार झाली. नाव तेच, गाव तेच, स्क्रीनवर अक्षर न् अक्षर सारखे. स्क्रिप्ट मात्र म्हणे, ही दोन माणसे आहेत. शेवटी त्या मुलीने दोन्ही नावांची लांबी मोजायला लावली. एक निघाले ७, दुसरे ८. झाले होते असे की आपल्या वऱ्हाडातला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका फोनवर त्यासाठी वेगळा ‘ऱ’ वापरला जातो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह बसते. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळ्यांची हीच गत. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही अशीच फसवते, पण ती काढणे सोपे. या र साठी आम्ही वेगळी सूचना लिहिली: जोडचिन्हाचा प्रकार दिसला की तो ‘ऱ’ मध्ये बदल, मगच खाते शोध. पुण्याच्या भाच्याला फोन करून सांगितले तर तो म्हणाला, “मामा, हे मलाही माहीत नव्हते.”

तिसरी तारखेची. शीट नवीन उघडली की तिचा देश बहुतेक वेळा अमेरिका असतो. तिथे महिना आधी, दिवस नंतर. एप्रिलच्या ३ तारखेचा माल शीटने ४ मार्चला टाकला. १३ तारखेपासून मात्र तेरावा महिना नसल्याने ती तारीख मानायलाच तयार नाही, नुसती अक्षरे म्हणून डावीकडे सरकवून ठेवते. म्हणजे अर्धा महिना चुकीचा आणि अर्धा महिना मुका. आम्हाला कळले ते नरखेड तालुक्यातला एक शेतकरी पट्टी हातात घेऊन दुकानात आला तेव्हा. “मुनीमजी, माह्या तीन गाड्या आल्या ना जी, पट्टीवर दोनच काऊन दिसते?” मी उठून त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याच्यासमोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. चिठ्ठी होती. पैसे त्याला त्याच दिवशी दिले. पण तो आलाच नसता तर? सेटिंग्जमध्ये देश भारत करायला दहा सेकंद लागतात, मात्र आधी बिघडलेल्या तारखा त्याने दुरुस्त होत नाहीत. त्या आम्ही चिठ्ठ्यांवरून एकेक करून बदलल्या.

चौथी सगळ्यांत वाईट. आमची स्क्रिप्ट प्रत्येक नावासाठी खतावणीतली ९०० खाती वरून खाली एकेक सेल उघडून वाचायची. गाड्या कमी होत्या तोवर निभले. हंगाम भरात आला आणि एका रात्री ती मध्येच थांबली, कारण गुगल एका वेळी सहा मिनिटांच्या वर स्क्रिप्ट चालू देत नाही. निम्म्या गाड्या खात्यांवर गेल्या होत्या, निम्म्या राहिल्या होत्या. सकाळी मी पाहिले की काम अपुरे आहे आणि बटण पुन्हा दाबले. गेलेल्या निम्म्या दुसऱ्यांदा गेल्या. २७ शेतकऱ्यांच्या खात्यांत दुप्पट जमा. ती चूक माझ्या हातची होती, ते मी त्याच सकाळी मालकांना सांगितले.

त्यावरचा उपाय आम्हाला जुन्या वहीनेच दिला. थोरले मुनीमजी कीर्दीतली नोंद खतवली की शेजारी खातेपान लिहून बारीक टिंब देत. टिंब दिसले की ती नोंद पुन्हा खतवायची नाही. आम्ही आवकेच्या शीटला एक रकाना वाढवला, ‘खतवले’. ओळ खात्यावर गेली की स्क्रिप्ट तिथे वेळ लिहिते आणि वेळ लिहिलेल्या ओळीला पुन्हा शिवत नाही. सगळी खाती एकदाच उचलून वाचायची आणि शेवटी एकदाच लिहायची, हेही शिकलो. त्याने काम २० सेकंदांवर आले. सूचनांमधली नावे आम्ही मराठीतच ठेवली आहेत. वजन, भाव, गाव, खाते. या भाषेत देवनागरी नावे चालतात हे कळले तेव्हा त्या मुलीची भीती निम्मी गेली.

आणि शेवटी ताळा. रोज रात्री स्क्रिप्ट आकड्यांच्या तीन जोड्या समोरासमोर मांडते: फाटकावरच्या नोंदवहीतल्या गाड्या आणि आवकेच्या ओळी, काट्यावरचे एकूण वजन आणि खात्यांवर गेलेले एकूण वजन, व्यापाऱ्यांच्या नावे पडलेली रक्कम आणि शेतकऱ्यांना जमा झालेली रक्कम अधिक खर्च. एक जरी जोडी जुळली नाही तर पट्ट्या तयार होत नाहीत, ओळ लाल होते आणि माझ्या फोनवर मेल येतो. माझ्या मते ताळा नसलेली स्क्रिप्ट कोणत्याही दुकानात, शाळेत, दवाखान्यात चालवू देऊ नये. इंग्लंडमध्ये २०२० साली तपासणीचे निकाल आपोआप जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलींत ओढले जात होते. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. आठवडाभरात करोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध वेळेत सुरू झाला नाही. आलेले किती आणि उतरलेले किती, एवढी एक तुलना रोज झाली असती तर ते पहिल्याच दिवशी दिसले असते. ही गोष्ट वाचल्यापासून मी ताळ्याच्या बाबतीत कोणाचे ऐकून घेत नाही.

आता जे लिहायला मन जड होते ते. स्क्रिप्ट नीट चालू लागल्यावर दुकानात साहजिकच विषय निघाला, “मग आता या मुलीचे काय काम?” ज्या मुलीने आठ महिने स्वतःचे डोके घालून हे उभे केले, तिलाच आधी घरी पाठवायचे! मी मालकांसमोर बसलो आणि माझ्या २८ वर्षांचा जो काही मान असेल तो पणाला लावला. लाल झालेली ओळ कोण पाहणार? शेतकऱ्याचा फोन आला तर चिठ्ठी काढून कोण सांगणार? उद्या बाजाराने चिठ्ठीचा नमुना बदलला तर सूचना कोण बदलणार, पुण्याहून भाचा येणार का? मालक समजूतदार निघाले, ती राहिली. पगारही थोडा वाढला. ती आता सहा वाजता घरी जाते. रोज दहाबारा शेतकऱ्यांना फोन करून पट्टी पोचली का, आकडा पटला का, हे विचारते. पूर्वी हे कोणी विचारत नव्हते. पण हे एका दुकानात झाले. ज्या दुकानात मुनीम गप्प बसतो तिथे काय होत असेल, याचा विचार करून मी हे पत्र लिहायला घेतले.

माझे मागणे असे आहे. संगणक टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला किती शब्द हे आजही मोजले जाते आणि हजारो मुले त्यासाठी सीताबर्डीच्या, महालच्या टायपिंग संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ बोटे झिजवतात. टंकलेखन यावेच. पण ४० शब्दांच्या वेगाने तीच ओळ चारदा टाइप करणे हे कौशल्य म्हणून विकू नका. राज्य परीक्षा परिषदेने या अभ्यासक्रमात चार गोष्टी घालाव्यात: शीटमधील तारीख आणि आकडा ओळखणे, मराठी मजकूर एकसारखा करणे, एक छोटी स्क्रिप्ट लिहिणे आणि तिचा ताळा घेणे. शिकवणे मराठीत व्हावे, उदाहरणे दुकानाच्या गल्ल्याची, दूध डेअरीची, बाजाराची असावीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला मिहानमध्ये मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आहेत, त्याचा मला आनंद आहे. तिथल्या अभियंत्यांनी महिन्यातून एक रविवार कळमन्यात किंवा कॉटन मार्केटमध्ये यावे, आमच्या वह्या पाहाव्यात. स्क्रिप्ट लिहून देऊ नये. आमच्या कारकुनांना लिहायला शिकवावे.

बाजार समित्यांनाही सांगणे आहे. शेतकऱ्यांचे फोन नंबर आणि बँक खाती या शीट्समध्ये पडलेली असतात. घाईत ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकतो’ असे ठेवून ती लिंक ग्रुपवर टाकलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, तो आमच्या दुकानांपर्यंत कोणी आणला नाही. आणि इंटरनेटवरून उचललेली स्क्रिप्ट शीटमध्ये चिकटवली, तर चालवण्याआधी ती परवानगी मागते: तुमच्या शीट्स, तुमचा मेल. न वाचता ‘अलाऊ’ दाबू नये. दुकानाची तिजोरी आपण अनोळखी माणसासमोर उघडत नाही.

आपल्यालाही एक विनंती, संपादक महोदय. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, हजारो रुपये कमवा’ असे निरोप मुलींच्या फोनवर येतात. आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग हजार पाने भरून घेतात, आणि शेवटी चुका जास्त निघाल्या म्हणून खोट्या वकिलाची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळतात. आमच्या गल्लीतली एक लेकुरवाळी बाई या नोटिशीला घाबरून पंधरा दिवस नीट जेवली नव्हती. १९३० या नंबरवर तक्रार करता येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. छोट्या जाहिरातींच्या पानावर, अगदी वर, ठळक अक्षरांत आपण हा नंबर रोज छापावा.

मालकांच्या दुकानाची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये. नाव आणि पत्ता आपल्याकडे सोबत दिला आहे. बाजारातल्या कोणत्याही दुकानाचा मुनीम, हमालांच्या पतपेढीचा कारकून, कोणाच्या घरची शीट भरणारी मुलगी, ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. रविवारी दुपारी तीननंतर मी मोकळा असतो, ती मुलगीही यायला तयार आहे. फी नाही. येताना आपल्या कामाची एक खरी चिठ्ठी आणि मागच्या महिन्यात न जुळलेला एक हिशोब घेऊन यावे.

आपला नियमित वाचक,
एक मुनीम,
नंदनवन, नागपूर